सात नंबरच्या कॅनची कबुली

मित्रांनो, माझी गोष्ट ऐकताना तुम्ही नाक मुरडाल हे मला ठाऊक आहे. खुशाल मुरडा, मला त्याची सवय आहे. मी एक जुना, पांढरा, पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन आहे. माझ्या पोटावर निळ्या रंगात ७ हा आकडा आहे, कडेला अर्ध्या अर्ध्या लिटरच्या रेघा आहेत आणि बुडाशी एक बारीक तडा गेला आहे. हल्ली मी जव्हारला, डॉक्टर शलाका यांच्या खोलीत, खिडकीजवळच्या फळीवर बसून असतो. माझ्यात काय भरत असत, ते सांगायला मला आजही जड जातं. पण कबुलीच द्यायची तर आडपडदा कशाला? माझ्यात माणसांची लघवी भरत असत.

बघा, हसलात ना! हसा. पण माझी मान खाली आहे ती त्यामुळे नव्हे. लघवीची लाज मला पूर्वी वाटायची, आता वाटत नाही. मला लाज वाटते ती एका उन्हाळ्यातल्या एका दिवसाची. तो दिवस सांगण्यासाठीच मी तोंड उघडलं आहे.

माझा जन्म वसईच्या एका कारखान्यात झाला. गरम प्लास्टिक साच्यात उतरलं, आत हवा फुंकली गेली आणि मी टुम्म फुगून बाहेर पडलो. एका पाळीत आम्ही चारशे भाऊ झालो. कोणी खोबरेल तेलाकडे गेले, कोणी सरबताकडे, आणि माझ्या मनात आपला मध होता. सोनेरी, दाट मध माझ्यात भरला जाईल, लोक माझं झाकण उघडून वास घेतील, अशी स्वप्नं मी गोदामात पडल्या पडल्या बघत होतो. मग एके दिवशी आम्हा बारा जणांना दोरीत ओवून टेम्पोत टाकलं आणि घाट चढून आम्ही जव्हारला आलो. तिथे डॉक्टरबाईंनी आमच्यावर आकडे रंगवले आणि आमचं काम काय ते आपल्या मदतनीस प्रमिलाला समजावून सांगितलं. ते ऐकून मला वाटलं, झाकण घट्ट लावून घ्यावं आणि पुन्हा कधी उघडूच नये.

डॉक्टर शलाका जव्हारच्याच. त्यांच्या वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान आहे. त्या मुंबईला शिकल्या आणि तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात, जिथे एकाची किडनी दुसऱ्याला बसवतात, त्या विभागात बरीच वर्षं होत्या. तुम्हाला माहीत असेल, आपल्या पाठीत दोन्ही बाजूंना घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या दोन किडन्या असतात. रक्तातला कचरा गाळून लघवीवाटे बाहेर टाकायचा, हे त्यांचं काम. त्या दमल्या की कचरा अंगातच साठतो, पाय सुजतात, अन्न जात नाही, श्वास लागतो. मुंबईत असताना डॉक्टरबाईंच्या लक्षात आलं की आपल्या डोंगरातून अगदी तरुण पोरं येतात आणि येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. ना त्यांना मधुमेह, ना रक्तदाब. मग किडन्या जातात कशाने? ह्या एका प्रश्नासाठी त्या सगळं सोडून परत आल्या.

प्रमिला त्यांच्याबरोबर पाडोपाडी फिरायची. ती ह्याच भागातली, तिला इथली बोली येते, कोणत्या घरात कसं बोलायचं ते कळतं. ती लोकांचं वजन घ्यायची, रक्त काढायची आणि आमच्यापैकी एकेकाला घरात ठेवून यायची. चोवीस तासांची सगळी लघवी आमच्यात साठवायची, असा नियम होता. एका वेळची थोडीशी का चालत नाही, असं एका म्हाताऱ्याने विचारलं तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "बाबा, शाळेतल्या पोराची एक ओळ वाचून त्याला अख्ख्या वर्षाचे मार्क देता येतील का?"

आमच्याकडे बघून बायका पदरात तोंड लपवून हसायच्या. कोणी आम्हाला गोधडीखाली दडवायचं, कोणी कुडामागे. परत नेताना प्रमिला आम्हाला जुन्या लुगड्यात गुंडाळायची, म्हणजे जीपमध्ये कोणी विचारू नये. मीसुद्धा अंग चोरून बसायचो. एकदा हिराबाई नावाच्या आजीकडे प्रमिलाने चार नंबरचा कॅन तिथेच मोजला आणि तपासणीची बाटली भरून घेतली, मग आजीने तो कॅन राखेने लख्ख घासला, उन्हात वाळवला आणि त्यात ओंजळभर करवंदं घालून परत पाठवला. प्रमिला पोट धरून हसली. डॉक्टरबाईंना कळेना, की करवंदं कशाला? प्रमिला म्हणाली, "ताई, आमच्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत." तेवढ्यावर ती गोष्ट संपली. ती करवंदं कोणी खाल्ली नाहीत हे सांगायला नकोच. मित्रांनो, हा करवंदांचा प्रसंग लक्षात ठेवा. आम्ही सगळे तो विसरलो.

हळूहळू मला माझ्या कामाचा थोडा अभिमान वाटू लागला. एकदा मुंबईहून कोणी पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, तुमची प्रयोगशाळा कुठे आहे? डॉक्टरबाईंनी आमच्या रांगेकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "माझं सगळं संशोधन ह्या बारा जणांच्या पोटात आहे." तेव्हापासून मी फळीवर जरा ताठ बसायला लागलो. पण एक गोष्ट मला खुपायची. मी कधीच भरून परत येत नसे. बाप्या माणसांकडे गेलो तर दीड लिटरच्या रेघेपर्यंत जायचो. बायांकडे गेलो तर एक लिटरसुद्धा नाही, आणि उन्हाळ्यात तर त्याहून कमी.

डॉक्टरबाई ह्याचीच नोंद करत होत्या. बायांना खोदून खोदून विचारत होत्या. बाया सांगत नसत, प्रमिलाला सांगत. दिवाळीनंतर ठाण्या-भिवंडीकडे बांधकामावर जायचं, तिथे बायकांना आडोसा नसतो. मग सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, म्हणजे जायला नको. अंधार पडला की मग काय ते. परत गावी यावं तर उन्हाळ्यात विहीर आटलेली, हंडा खालच्या झऱ्यावरून आणायचा. मग पोरांना पाजायचं, गुरांना पाजायचं, स्वतः घोटभर. "ह्याने किडन्या बिघडतात का?" प्रमिलाने विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मला तसं वाटतंय. पण वाटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. अजून बरीच वर्षं मोजावं लागेल." मोजणं खरं असलं पाहिजे, हे त्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य होतं.

आता दिपेशकडे येतो. दिपेश सूर्यमाळच्या एका पाड्यावरचा, चोवीस वर्षांचा. पाच वर्षं त्याने बांधकामावर सळ्या वाकवण्याचं काम केलं. मग एक दिवस त्याचा चेहरा सुजला. तपासलं तेव्हा दोन्ही किडन्या बंद पडत आल्या होत्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तो नाशिकला जाऊन मशीनवर रक्त धुऊन आणायचा. जायचा दिवस जाण्यात, यायचा दिवस पडून राहण्यात. त्याला पाणीसुद्धा मोजून होतं. अर्ध्या लिटरची एक बाटली, तीच अख्ख्या दिवसाची. झाकणात ओतून तो ते पाणी प्यायचा.

डॉक्टरबाई त्याच्या घरी गेल्या तेव्हा मी प्रमिलाच्या मांडीवर होतो. अंगणात दिपेशची आई चैती बसली होती, बाप फागू खांबाला टेकून उभा होता. डॉक्टरबाईंनी सावकाश समजावलं. मशीनवर किती दिवस काढणार? नवी किडनी बसवली तर पोरगा पुन्हा उभा राहील. निरोगी माणूस एका किडनीवर नीट जगतो. घरचं माणूस देऊ शकतं. "तर घरातलं कोण..." एवढं त्या म्हणाल्या आणि त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत चैतीचा हात वर गेला.

"मी देते. माझी काढा."

फागू पायाच्या अंगठ्याने मातीत रेघ ओढत होता. त्याला कोणी विचारलं नाही. बाई माणसाने द्यायची, बाप्या कामाचा, हे जणू ठरलेलंच होतं. मी मात्र त्याचा अंगठा बघत होतो. तो अंगठा एकाच रेघेवरून पुन्हा पुन्हा जात होता.

डॉक्टरबाई चैतीला म्हणाल्या, "आधी तुमच्या किडन्या तपासू. त्या दणकट असतील तरच एक काढता येईल. नाहीतर पोराला वाचवता वाचवता मी आईला आजारी पाडीन." आणि मग प्रमिलाने मला चैतीच्या हातात दिलं.

तिने नियम नीट सांगितला. उद्या उठल्यावरची पहिली सोडून द्यायची, मग दिवसाची, रातची आणि परवा सकाळची पहिली, सगळी ह्याच्यात. ओल्या गोणपाटात ठेवायचं. चैतीने तो नियम दोनदा म्हणून दाखवला. पण 'फक्त तुझीच' असं प्रमिला म्हणाली नाही. ते काय सांगायचं, असं तिला वाटलं असेल. मलाही तसंच वाटलं असतं.

तो दिवस एप्रिलचा होता. चैती उजाडता उजाडता झऱ्यावर गेली, हंडा घेऊन आली, पुन्हा गेली. मला न्हाणीच्या कुडामागे ठेवलं होतं. माझं गोणपाट ओलं राहावं म्हणून तिने प्यायच्या पाण्यातलं अर्धा तांब्या पाणी त्याच्यावर शिंपडलं. स्वतः मात्र ती प्यायली नाही. दुपार उलटली तरी मी अर्ध्या लिटरच्या पहिल्या रेघेपर्यंतसुद्धा पोचलो नव्हतो. तिने मला उचलून उन्हात धरलं आणि आत बघितलं. मग ती मला खाली ठेवून माझ्याशेजारी तशीच बसून राहिली.

एवढ्यात फागू आला. शेतात राब, म्हणजे पालापाचोळा, भाजून आला होता, तोंडाला राख लागलेली.

"येवढाच?" त्याने विचारलं.

"हां. पोटात पानीच नाय, येल कुठून?"

"डॉक्टरबायनं चांगला डबा दिला. असा रिकामा कसा परत द्यायचा?" तो थांबला. "ती म्हनंल, हिच्या किडनीत कायच नाय. नको म्हनंल."

चैतीचा चेहरा उतरला. "मंग काय करू?"

फागू घरात गेला आणि त्याने हंड्यात तांब्या बुडवला. गटागटा प्यायला. पुन्हा बुडवला, पुन्हा प्यायला. दिपेश भिंतीला टेकून बसला होता, बाटलीचं झाकण हातात होतं.

"बा, आज लय पानी पितोस?"

"ऊन हाय," फागू म्हणाला, आणि त्याने मागे वळून पाहिलं नाही.

पुढचं मी सविस्तर सांगत नाही. एवढंच सांगतो की त्या दुपारपासून माझ्यात दोन माणसं साठायला लागली. चैतीला ते ठाऊक होतं. ती दुसरीकडे बघायची. तिला काय वाटत होतं ते मी आता समजू शकतो. आपलं इतकं थोडं आहे, ह्याची तिला शरम वाटत होती, आणि त्या थोड्यामुळे पोरगा हातचा जाईल ह्याची भीती. तिने कोणाला फसवायचं ठरवलं नव्हतं. तिला फक्त डबा बरा दिसायला हवा होता.

पण मित्रांनो, माझं काय? मी काय करत होतो? मी खूश होत होतो. हीच माझी कबुली आहे. एक लिटरची रेघ गेली, दीडची गेली, दोनची गेली. मी आयुष्यात इतका भरलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अडीच लिटरच्या वर होतो आणि मला वसईच्या भावांची आठवण येत होती. बघा म्हटलं, मीही भरतो! आत खोटं साठलं आहे, हे मला कळत होतं. माझ्याइतकं ते कोणालाच कळत नव्हतं. तुम्ही म्हणाल, कॅन बिचारा काय बोलणार? खरं आहे. पण बोलता आलं असतं तरी मी त्या दिवशी बोललो नसतो. मला भरल्याचा आनंद झाला होता. त्याची लाज मला अजून वाटते.

प्रमिला आली आणि तिचे डोळे मोठे झाले. "अगं मावशी! एवढी?"

"पानी पिले मी," चैती जमिनीकडे बघत म्हणाली.

जव्हारला माझं मोजमाप झालं, एक छोटी बाटली भरून तपासणीला गेली आणि मला धुऊन टाकलं. त्याआधी डॉक्टरबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास, सात नंबर!" म्हणाल्या. ती थाप मला आजही आठवते आणि आठवली की मी फळीवर आक्रसून बसतो.

चार दिवसांनी अहवाल आला. आकडा उत्तम होता. चैतीच्या रक्तातला आकडाही वरवर बरा दिसत होता. डॉक्टरबाईंनी प्रमिलाकरवी निरोप धाडला, की किडन्या ठणठणीत आहेत, पुढच्या महिन्यात मुंबईला पुढच्या तपासण्यांना जायचं. चैतीने पाड्यावर घरोघरी गूळ वाटला. दिपेश म्हणे झाकणभर पाणी जास्त प्यायला आणि आई त्याला रागावली नाही. प्रमिला हे सगळं हसत हसत सांगत होती आणि मी फळीवरून ऐकत होतो. मुंबईच्या तपासण्यांत खरं काय ते कदाचित पकडलं गेलं असतं. कदाचित नसतंही. मी गप्प होतो.

मुंबईला जायला आठ दिवस उरले असताना डॉक्टरबाई दुपारी आपल्या मोठ्या वहीत आकडे उतरवत बसल्या होत्या. उंची, वजन, रक्त, लघवी. उतरवता उतरवता त्यांचा पेन थांबला. त्यांनी मागचं पान उलटलं, पुन्हा पुढचं. मग प्रमिलाला हाक मारली.

"चैतीबाईंचं वजन किती गं?"

"अडतीस किलो."

"अडतीस किलोच्या बाईच्या अंगात मांस ते किती! त्या मानाने क्रिएटिनिन नावाचा जो कचरा दिवसाला निघतो, तो ठरलेला असतो. इथे त्याच्या दुपटीहून जास्त आहे." त्यांनी कागद प्रमिलाच्या पुढे सरकवला. "हे एका माणसाचं नाही."

प्रमिला कागदाकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे बघितलं. मग ती खाली बसली.

"ताई," ती म्हणाली, "हिराबाईची करवंदं."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "मी किती वेळा म्हणते, मोजणं खरं पाहिजे," त्या म्हणाल्या. "आणि आकडा मनासारखा आला तर मी वजनाचा रकानासुद्धा बघितला नाही. मला हवं होतं ना तिचं जमावं, म्हणून मी बघितलंच नाही." त्या खोलीत आम्ही तिघेही एकाच कारणासाठी खाली मान घालून होतो. आम्हा तिघांनाही भरलेला कॅन आवडला होता.

दुसऱ्याच दिवशी आम्ही सूर्यमाळला गेलो. ह्या वेळी प्रमिलाने मला लुगड्यात गुंडाळलं नाही. डॉक्टरबाईंनी मला अंगणाच्या मधोमध ठेवलं आणि स्वतः जमिनीवर बसल्या. चैती, फागू समोर. दिपेश उंबऱ्यात.

"चूक माझी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी नीट सांगितलं नाही आणि नीट बघितलंही नाही. मी रागावणार नाही. फक्त सांगा, ह्याच्यात चैतीबाईंखेरीज अजून कुणाची होती?"

कोंबड्या मातीत टोचत होत्या. चैतीने पदर तोंडाला लावला. फागू खांबापासून पुढे आला.

"माझी."

दिपेशने बापाकडे बघितलं. "ऊन हाय बोललास ना, बा?" तो हळूच म्हणाला.

एवढा रापलेला गडी, पण फागूचे कान लाल झाले होते. "डबा येवढासा भरला व्हता," तो डॉक्टरबाईंना म्हणाला. "तुमचे हातात कसा द्यायचा असा? म्हनून."

डॉक्टरबाईंनी माझ्या रेघांवरून बोट फिरवलं. "फागूकाका, मला भरलेला डबा नको आहे. खरा डबा पाहिजे. थोडा असला तर तेच मला कळायला हवं होतं."

चैतीने मला पुन्हा ठेवून घेतलं. ह्या वेळी मी अर्ध्या लिटरच्या जरा वर भरलो, तेवढाच परत गेलो, आणि जीपमध्ये माझ्या आत हिंदकळणारं पाणी ऐकून मला पहिल्यांदाच बरं वाटलं. अहवाल मात्र बरा नव्हता. चैतीच्या किडन्या निम्म्याहूनही कमी चालत होत्या. वर्षानुवर्षं तहान मारून मारून त्या थकल्या असाव्यात, असं डॉक्टरबाईंना वाटलं. अंगात मांसच इतकं कमी, की रक्तातला कचऱ्याचा आकडा वरवर बरा दिसत राहिला. एक किडनी काढली असती तर चैतीला थोड्याच वर्षांत दिपेशशेजारच्या मशीनवर झोपावं लागलं असतं.

हे सांगायला डॉक्टरबाई स्वतः गेल्या. चैतीने सगळं ऐकून घेतलं. "गोल्या घेईन मी, पानी पिईन," ती म्हणाली. मग एकदम तिचा बांध फुटला. "मी आयस हाय त्याची. माझं कायच त्याच्या कामाचं नाय?"

प्रमिलाने तिच्या पाठीवर हात ठेवला. दिपेश घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. मी अंगणात होतो, रिकामा, झाकण उघडं. आणि फागूचा अंगठा पुन्हा मातीत रेघ ओढत होता. तीच रेघ, एकदा, दोनदा. मग तो थांबला.

"डॉक्टरबाय," तो म्हणाला, "माझं मूत तं तुमचे मशीनला चाललं ना?"

डॉक्टरबाईंनी वर बघितलं.

"मंग किडनीबी चालते का बघा."

चैतीने डोळे पुसले. "तुला भ्या वाटत नाय?"

"वाटतं. पयल्या दिवसापासून वाटतं. म्हनून तं गप व्हतो." तो माझ्याकडे बघून बोलत होता, माणसांकडे बघायची त्याला शरम वाटत होती. "मूत चोरून दिलं मी. किडनी द्यायची माझी छाती नव्हती."

मित्रांनो, त्या अंगणात माझ्यापेक्षा मोठी कबुली एका माणसाने दिली. मी तेव्हाही गप्पच होतो, पण निदान त्या वेळी माझ्यात काही खोटं नव्हतं.

फागूचं मोजमाप आठवड्याभराने झालं. प्रमिला दुसऱ्या पाड्यावर अडकली होती, म्हणून तो मला घेऊन एसटीने एकटाच जव्हारला आला. त्याने मला कशातही गुंडाळलं नव्हतं. दीड लिटरच्या रेघेला मी दोन बोटं कमी होतो. डेपोतून उतरून तो बाजारातून सरळ चालत निघाला. एका दुकानाच्या पायरीवर बसलेल्या बाईने विचारलं, "काय रे दादा, मध आणलास का? दे बघू!"

मध! मला अजून आठवतं, माझ्या अंगावर काटा आला.

"नाय," फागू म्हणाला. "मूत हाय. माझं एकट्याचं. पोऱ्यासाठी चाललंय."

बाई पदरात तोंड लपवून हसली, दोन माणसं बाजूला झाली. फागूने चाल बदलली नाही, मला ह्या हातातून त्या हातात घेतलं, एवढंच. त्या दिवशी मी अर्धाही भरलेलो नव्हतो, पण तसा ताठ मी त्याआधी आणि त्यानंतर कधीच नव्हतो.

त्याचा रक्तगट पोराशी जुळला, बाकीचंही जुळलं. बऱ्याच तपासण्या झाल्या, बरेच कागद झाले आणि थंडीच्या दिवसांत मुंबईला बापाची एक किडनी पोराला बसली. मी तिथे नव्हतो, मला प्रमिलाच्या बोलण्यातून कळलं. शुद्धीवर आल्यावर फागूने पहिलं विचारलं, "पोऱ्याला मूत झाला का?" नर्स म्हणाली, झाली, पिशवी भरतेय. तेव्हा तो रडला म्हणे. आता दिपेश अंगणात बसून तांब्याभर पाणी एका दमात पितो आणि चैती ते बघायला हातातलं काम टाकून येते. तिची स्वतःची औषधं चालू आहेत. पाणी प्यायची आठवण तिला दिपेश करून देतो.

डॉक्टरबाईंचं संशोधन अजून चालू आहे. त्यांनी नियमाचा कागद बदलला. त्याच्यावर पहिली ओळ आहे, 'ह्यात फक्त तुमचीच. थोडी असली तरी चालेल.' प्रमिला ती पाड्यावरच्या बोलीत म्हणून दाखवते आणि पुढे आपल्या पदरचं जोडते, की करवंदं द्यायची तर वेगळ्या टोपलीत द्या. मला तडा गेल्यावर माझं काम थांबलं. टाकून देतील असं वाटलं होतं. पण डॉक्टरबाईंनी मला ठेवून घेतलं. नवीन मुली पाडे फिरायला शिकायला आल्या की त्या मला फळीवरून काढतात आणि त्या दिवसाची गोष्ट सांगतात. आधी स्वतःची चूक सांगतात, मग माझी. दर वेळी मी पुन्हा तसाच शरमतो. शरमू दे. त्यासाठीच मी उरलो आहे.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. कोणी काही मोजायला मागितलं, तर जेवढं आहे तेवढंच द्या, अर्धं तर अर्धं. आणि तुमच्या किडन्यांना असं उपाशी ठेवू नका. तहान लागली की पाणी प्या, आणि वर्गात मध्येच जावंसं वाटलं तर दाबून बसू नका, हात वर करा. सगळे हसतील म्हणून हात जड झाला, तर भर बाजारातून मला न गुंडाळता घेऊन चाललेला फागू आठवा आणि करा वर.